कार्बोरेटरच्या जुन्या गाडीचं मिश्रण रिच का होतं? स्क्रूला हात लावण्याआधी काय तपासायचं

कार्बोरेटरची जुनी गाडी काळा धूर सोडायला लागली, प्लग काजळी धरायला लागले की बहुतेकांचा हात आधी जातो तो मिक्स्चर स्क्रूकडे. अर्धा वेढा इकडे, अर्धा तिकडे. आयडलिंग थोडं सुधारल्यासारखं वाटतं आणि आठवड्याभरात गाडी पुन्हा मूळ पदावर येते. हा स्क्रू बहुतेक कार्बोरेटरमध्ये फक्त आयडलिंगपुरतं मिश्रण ठरवतो. फ्लोटची (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलची उंची राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी वर गेली असेल, चोक (थंड इंजिन सुरू करताना मिश्रण रिच करणारी यंत्रणा) अर्धवट अडकला असेल किंवा पंप जास्त दाबाने पेट्रोल ढकलत असेल, तर स्क्रू फिरवून दोष झाकला जातो, सुटत नाही. म्हणून हा स्क्रू सगळ्यात शेवटी. त्याआधी दोन प्रश्न सोडवायचे: मिश्रण खरंच रिच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त असलेलं, आहे का, आणि असेल तर नेमकं कोणत्या वेळी?

काम सुरू करण्याआधी थोडी काळजी. गाडी उघड्यावर उभी करा. रिच चालणाऱ्या इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो आणि बंद गॅरेजमध्ये तो जीव घेऊ शकतो. कार्बोरेटर उघडण्याआधी बॅटरीची अर्थ वायर काढा, इंजिन थंड होऊ द्या आणि पेट्रोलची आग विझवणारा अग्निशामक हाताशी ठेवा.

आधी खात्री: हे रिचच आहे ना?

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागतं. पूर्ण ताकद मात्र १२.५ ते १३ च्या आसपास मिळते, म्हणून जोरात पळवताना कार्बोरेटर मुद्दामच थोडं जास्त पेट्रोल देतो. पूर्ण ॲक्सिलरेटरवर मिश्रण किंचित रिच असणं हा दोष नाही. तेच आयडलिंगला किंवा सपाट रस्त्यावर एका वेगाने जाताना होत असेल, तर शोध सुरू करायचा.

लक्षणं ओळखीची आहेत: काळा धूर, डोळ्यांना झोंबणारा वास, ॲव्हरेज घसरणं, लयीत वर-खाली होणारं आयडलिंग, गरम इंजिन सुरू व्हायला कुरकुरणं, डिपस्टिकवरच्या ऑइलला पेट्रोलचा वास. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही टिकणारा दाट पांढरा धूर बहुधा कूलंट. त्यांचा कार्बोरेटरशी संबंध नाही.

सगळे प्लग काढून सिलिंडरच्या क्रमाने ओळीत ठेवा. मखमलीसारखी कोरडी काळी काजळी हे रिचचं लक्षण. ओलसर, चकचकीत काळा थर असेल तर ऑइल वर येतंय. फिकट तपकिरी प्लग ठीक. आजच्या शिसेविरहित पेट्रोलवर चांगल्या मिश्रणाचा प्लगही पूर्वीपेक्षा पांढुरका दिसतो, तेव्हा जुन्या पुस्तकातल्या रंगाशी तंतोतंत जुळवत बसू नका. गाडी दहा मिनिटं आयडलिंगवर ठेवून मग प्लग काढले तर ते तुम्हाला फक्त आयडलिंगबद्दल सांगतील. रस्त्यावरचं मिश्रण वाचायचं तर मोकळ्या, सुरक्षित जागी काही वेळ एका वेगाने गाडी चालवा, क्लच दाबून इग्निशन बंद करा आणि गाडी तशीच थांबू द्या. किल्ली स्टिअरिंग लॉकपर्यंत फिरवायची नाही, आणि इंजिन बंद झाल्यावर सर्वो ब्रेकची मदत लवकर संपते हे लक्षात ठेवा.

चारही प्लग सारखे काळे असतील तर दोष सर्वांना सामाईक आहे. एकच काळा असेल तर त्या सिलिंडरची ठिणगी, प्लग-वायर किंवा कॉम्प्रेशन बघा. दोन कार्बोरेटरच्या गाडीत जोडीतले दोनच काळे असतील, तर कोणता कार्बोरेटर उघडायचा हे प्लगनीच सांगून टाकलं.

एक चाचणी फार उपयोगी आहे आणि तिला काही खर्च नाही. इंजिन गरम करून आयडलिंगवर ठेवा आणि इनटेक मॅनिफोल्डवरची एखादी बारीक व्हॅक्यूम नळी क्षणभर काढा. ब्रेक सर्वोची जाड नळी नको, तिच्यातून फार हवा शिरते. जास्तीची हवा मिळाल्यावर इंजिन गुळगुळीत चाललं किंवा त्याची गती वाढली, तर आयडलिंगला मिश्रण रिच आहे. अडखळून बंद पडू लागलं, तर ते रिच नाही.

एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर लावून मोजणाऱ्यांसाठी एक सापळा आहे. इंजिन मिसिंग करत असेल (काही ठिणग्या वाया जात असतील) तर न जळलेल्या पेट्रोलबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही बाहेर पडतो. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो आणि मीटर ‘लीन’ (पेट्रोल कमी) सांगतं, जेव्हा नाकाला पेट्रोलचा वास येत असतो. मिसिंग थांबेपर्यंत त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) मीटर असेल तर जुन्या गाड्यांना आयडलिंगला साधारण २ ते ४ टक्के सीओ चालतो. ७-८ टक्के दिसला तर वादच नाही.

कधी रिच होतं, यावरून जागा ठरते

कार्बोरेटर म्हणजे त्याच्या आतल्याच पेट्रोलच्या एका छोट्या टाकीवर, म्हणजे बाउलवर, चालणाऱ्या चार-पाच वेगळ्या यंत्रणा. प्रत्येकीची वेळ वेगळी. गाडी चालवताना वहीत फक्त एवढं टिपा की त्रास कोणत्या वेळी होतो.

थंड इंजिन ठीक, पण गरम झाल्यावरही रिच: चोक. फक्त आयडलिंगला रिच: आयडल सर्किट, थ्रॉटलची (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेची) स्थिती किंवा फाटलेला पॉवर व्हॉल्व्ह (जोर लागताना जादा पेट्रोल देणारी झडप). एका वेगाने जाताना रिच: मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोक), एअर करेक्टर (हवा मोजणारं भोक), किंवा सुई असलेल्या कार्बोरेटरमध्ये सुईची झीज. पाय दाबला की काळा फुगा सुटतो: ॲक्सिलरेटर पंप. गरम इंजिन बंद करून दहा-वीस मिनिटांनी सुरू करताना रिच: बाउलमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये उतरलंय. आणि सगळ्याच वेळी रिच असेल तर फ्लोटची पातळी, पंपाचा दाब, एअर फिल्टर आणि चोक हे चौघे.

कार्बोरेटर उघडण्याआधी

पहिली पाळी इग्निशनची. डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट जळालेले असतील, कंडेन्सर थकला असेल, टायमिंग मागे पडलं असेल तर पेट्रोल पूर्ण जळत नाही आणि दोष मिश्रणावर जातो. पॉइंटचा गॅप अनेक गाड्यांत ०.३५ ते ०.४५ मिमीच्या दरम्यान असतो, पण आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या. गॅप बदलला की टायमिंगही बदलतं, म्हणून क्रम आधी गॅप, मग टायमिंग.

टायमिंगचा आयडलिंगशी असलेला संबंध बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. टायमिंग मागे असेल तर इंजिन हळू फिरतं. मग कोणीतरी स्लो स्क्रू (आयडलिंगची गती ठरवणारा) आत घेऊन थ्रॉटल उघडतं आणि गती भरून काढतं. थ्रॉटलची पाती गरजेपेक्षा जास्त उघडली की आयडल आणि मेन जेट यांच्यामधल्या संक्रमणाची भोकं उघडी पडतात आणि तिथूनही पेट्रोल यायला लागतं. आता मिक्स्चर स्क्रू कितीही आत घेतला तरी फरक पडत नाही. अशा गाडीचा कार्बोरेटर तीनदा धुतला तरी काही होणार नाही. टायमिंग जागेवर आणलं की थ्रॉटल मागे घेता येते आणि स्क्रू पुन्हा ऐकू लागतो.

टॅपेटचे (इंजिनाच्या व्हॉल्व्हचे) गॅप तपासा. मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावता आला तर फारच छान: साधं, धडधाकट इंजिन समुद्रसपाटीजवळ आयडलिंगला पाऱ्याचे सुमारे १७ ते २१ इंच स्थिर दाखवतं. काटा थरथरत असेल तर कार्बोरेटर सोडा, व्हॉल्व्ह आणि ठिणगी बघा. डिस्ट्रिब्यूटरचा व्हॅक्यूम ॲडव्हान्सही नळी तोंडात धरून ओढून पाहा. डायफ्राम फाटलेला असेल तर हलक्या भारावर गाडी विनाकारण पेट्रोल खाते.

थर्मोस्टॅट उघडा राहिला तर इंजिन गरमच होत नाही. पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ऑटोमॅटिक चोकही लवकर मोकळा होत नाही. तापमानाचा काटा नेहमीच्या खुणेपर्यंत येतो का, एवढं पाहायचं.

एअर फिल्टर काढून इंजिन थोडा वेळ चालवा. फरक पडला तर फिल्टर बदला. काही कार्बोरेटरमध्ये बाउलची हवेची वाट फिल्टरच्या आतून असते, काहींत बाहेरून. बाहेरून असेल तर तुंबलेल्या फिल्टरने मिश्रण चांगलंच रिच होतं, कारण बाउलवर बाहेरचा पूर्ण दाब आणि कार्बोरेटरच्या गळ्यात (हवा जाते त्या वाटेत) कमी दाब. आतून असेल तर दोन्हीकडे दाब सारखाच घटतो आणि परिणाम कमी जाणवतो.

चोकची केबल आत ढकलली म्हणजे चोक पूर्ण सुटला असं समजू नका. एकाने चोक ओढायचा-ढकलायचा आणि दुसऱ्याने टॉर्च घेऊन कार्बोरेटरवर पाहायचं. झडप पूर्ण उभी झाली पाहिजे, केबलला थोडी ढील हवी. ज्या कार्बोरेटरमध्ये झडप नसून चोकची वेगळी तबकडी किंवा प्लंजर असतो, तिथे तो जागेवर नीट बसत नसेल तर वरून काहीच दिसत नाही. त्याची लीव्हर हाताने पूर्ण मागे ढकलून इंजिन बदलतं का ते बघा. ऑटोमॅटिक चोक असेल तर द्विधातूची स्प्रिंग आणि तिला गरम करणारं पाणी, वायर किंवा एक्झॉस्टची हवा तिथपर्यंत पोहोचते का ते तपासा. इंजिन सुरू झाल्याबरोबर झडप किंचित उघडणारा छोटा डायफ्रामही फाटतो.

पंपाचा दाब मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका, विशेषतः कोणी जुना मेकॅनिकल पंप काढून इलेक्ट्रिक बसवला असेल तर. एसयू कार्बोरेटरला साधारण २ ते ३ पीएसआय पुरतात, वेबर डीसीओईला ३ च्या आसपास, होलीसारख्या अमेरिकन कार्बोरेटरना ५ ते ७. बाजारातला सरसकट इलेक्ट्रिक पंप एसयूला लावला तर निडल व्हॉल्व्ह (बाउलमध्ये येणारं पेट्रोल रोखणारी झडप) कितीही नवा असला तरी दाबापुढे हार मानतो. उपाय रेग्युलेटर, आणि तो गेज लावूनच सेट करायचा. टाकीकडे परत जाणारी पेट्रोलची लाइन असेल तर ती तुंबलेली नाही हेही पाहा.

फ्लोट आणि निडल: इथे वेळ द्या

सगळ्याच वेळी रिच असणाऱ्या गाडीत माझा संशय आधी फ्लोटवर जातो. बाउलमधली पातळी दोन-तीन मिलिमीटर जरी वर गेली तरी पेट्रोल नोझलच्या तोंडाशी येऊन थांबतं आणि जराशा ओढीने वाहू लागतं.

न उघडता करायची चाचणी: इंजिन गरम, आयडलिंगवर. पेट्रोलचा पुरवठा बंद करा, म्हणजे इलेक्ट्रिक पंपाची वायर काढा किंवा रबरी नळी चिमट्याने दाबा. बाउल रिकामा होत असताना बंद पडण्याआधी काही क्षण इंजिन सुधारलं, गती वाढली, तर मिश्रण रिच होतं. दुसरी चाचणी टॉर्चची. इंजिन बंद करून फिल्टर काढा आणि गळ्यात पाहा. मेन नोझलमधून थेंब पडत असतील तर पातळी वर आहे किंवा निडल गळतोय.

आता झाकण काढा. निडलच्या टोकावर झिजलेली कडी दिसली तर निडल आणि सीट दोन्ही जोडीनेच बदला. नवा निडल जुन्या सीटवर टिकत नाही. रबरी टोकाचा निडल असेल तर टोक फुगलं किंवा कडक झालं आहे का ते बघा. कचरा अडकलेला सापडला तर तो कुठून आला तेही शोधा: टाकीतला गंज, कुजलेली नळी किंवा नसलेला फिल्टर. नाहीतर महिन्याभरात पुन्हा झाकण काढावं लागेल.

फ्लोट पितळी असेल तर कानाशी हलवा. आत पेट्रोल डचमळल्याचा आवाज आला तर तो फुटलाय. भोक सापडत नसेल तर गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे जागा दाखवतील. हे काम आगीपासून दूर, आणि आतलं पेट्रोल पूर्ण निघाल्याशिवाय सोल्डरिंग नाही. सोल्डरने वजन वाढतं आणि पातळी बदलते, म्हणून मी तरी नवा फ्लोट मिळत असेल तर नवाच घेईन. फोमसारख्या काळ्या प्लास्टिकचा फ्लोट फुटत नाही, तो हळूहळू पेट्रोल शोषून जड होतो. बाहेरून धडधाकट दिसतो, म्हणून वजन करूनच कळतं. मॅन्युअलमध्ये वजन दिलेलं नसेल तर नव्याशी तुलना करा.

पातळी सेट करताना मॅन्युअलमधलं माप गास्केटसह आहे की गास्केटशिवाय, हे नीट वाचा. फ्लोटची जीभ वाकवताना निडलवर दाब देऊन वाकवू नका, रबरी टोक खराब होतं. शेवटी झाकणाची सपाटी पट्टी धरून तपासा. वाकलेलं झाकण आणि जुनं गास्केट यांच्यामधून पेट्रोल आणि हवेच्या वाटा एकमेकींत गळतात, आणि मग कोणतंही सेटिंग टिकत नाही.

जेट, आणि तुंबलेली हवेची भोकं

घाण अडकली की गाडी लीन होते, असा सर्वसाधारण समज आहे. पेट्रोलच्या जेटमध्ये अडकली तर होते. पण प्रत्येक सर्किटमध्ये पेट्रोलबरोबर मिसळणारी हवाही मोजून येते, एअर करेक्टर आणि बारीक एअर ब्लीडमधून. ती भोकं तुंबली तर पेट्रोल तितकंच आणि हवा कमी, म्हणजे मिश्रण रिच. आयडलचं ब्लीड तुंबलं तर आयडलिंगला रिच, एअर करेक्टर तुंबला तर वाढत्या गतीबरोबर रिच.

सफाई कार्बोरेटर क्लीनर आणि कॉम्प्रेस्ड हवेने. तार किंवा ड्रिल भोकात घालू नका. पितळ मऊ असतं आणि मोठं झालेलं भोक परत लहान होत नाही. आधीच्या कोणी तार घातलेली असू शकते, म्हणून संशय आला तर जेट नवीन घ्या. वेबर आणि सोलेक्ससारख्या कार्बोरेटरच्या जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो: १२० म्हणजे १.२० मिमी. तो मॅन्युअलशी ताडून पाहा. जुन्या गाडीत दुसऱ्या मॉडेलचा जेट बसवलेला सापडणं यात नवल काहीच नाही. जेट घट्ट बसलाय ना, हेही बघा. सैल जेटच्या कडेनेही पेट्रोल जातं.

होली पद्धतीच्या कार्बोरेटरमध्ये पॉवर व्हॉल्व्हचा डायफ्राम बॅकफायरने फाटू शकतो आणि आयडलिंगलाच पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये ओढलं जातं. दोन्ही मिक्स्चर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घेतले तरी इंजिन चालूच राहत असेल, तर पेट्रोल दुसरीकडून येतंय: पॉवर व्हॉल्व्ह, जास्त उघडी थ्रॉटल किंवा वरची फ्लोट-पातळी. व्हॉल्व्हवर ६५ लिहिलं असेल तर तो ६.५ इंच व्हॅक्यूमला उघडतो. तीव्र कॅमशाफ्ट बसवलेल्या इंजिनचं आयडल व्हॅक्यूमच इतकं कमी असेल तर चांगला व्हॉल्व्हही आयडलिंगला उघडा राहतो. आयडल व्हॅक्यूमच्या साधारण निम्म्या आकड्याचा व्हॉल्व्ह निवडण्याचा प्रघात आहे.

ॲक्सिलरेटर पंपाची झडप किंवा त्यावरचं छोटं वजन नसेल, तर एका वेगाने जातानाही त्याच्या नोझलमधून पेट्रोल ओढलं जातं. इंजिन चालू असताना टॉर्च मारून पाहा, पण चेहरा कार्बोरेटरच्या तोंडावर आणू नका.

एसयूसारखे वर-खाली होणाऱ्या पिस्टनचे कार्बोरेटर

यांचं तंत्र वेगळं, म्हणून वेगळं सांगतो. इथे एकच जेट आणि त्यात सरकणारी निमुळती सुई. वर्षानुवर्षं घासून जेटचं भोक लंबगोल होतं, सुईवर चकाकते पट्टे दिसतात, आणि त्या फटीतून जास्तीचं पेट्रोल जातं. जेटखालचा मिश्रणाचा नट फिरवून हे सुधारत नाही. जेट आणि सुई दोन्ही बदलायची. चोक ओढल्यावर इथे जेटच खाली येतो. तो पूर्ण वर परतला नाही तर गाडी कायम अर्ध्या चोकवर चालते. हाताने वर ढकलून पाहा.

पिस्टन बोटाने उचलून सोडा. टकदिशी आवाज करत खाली आला पाहिजे. तो खाली अडकला तर गळा अरुंद राहतो, जेटवरची ओढ वाढते आणि मिश्रण रिच होतं. एअर फिल्टरचं गास्केट उलटं बसवलं तर तोंडावरची हवेची भोकं झाकली जातात आणि पिस्टन नीट उठत नाही. फिल्टर बदलल्यापासून गाडी काळा धूर सोडते असं कोणी सांगितलं तर हे आधी तपासा.

मिश्रण तपासण्यासाठी पिस्टन त्याच्या उचलण्याच्या पिनने सुमारे ०.८ मिमी उचला. गती वाढून तशीच राहिली तर रिच, क्षणभर वाढून जागेवर आली तर बरोबर, इंजिन पडू लागलं तर लीन. बऱ्याच एसयूमध्ये नट वर घेतल्यावर लीन आणि खाली घेतल्यावर रिच. एका वेळी नट त्याच्या एकाच चपट्या बाजूइतका फिरवा. एसयूच्या एचआयएफ प्रकारात नटाऐवजी स्क्रू असतो, तिथे घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर रिच होतं.

आता मिक्स्चर स्क्रू

इंजिन पूर्ण गरम, चोक उघडा, एअर फिल्टर जागेवर. स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्या. जोर लावला तर टोकावर कडी पडते आणि सीट बिघडते. मग दीड वेढा बाहेर, हा बहुतेकांचा सुरुवातीचा बिंदू. तिथून पाव वेढ्याने बदलत सगळ्यात जास्त गती मिळते ती जागा शोधा आणि किंचित लीनच्या बाजूला या. बहुतेक कार्बोरेटरमध्ये स्क्रू बाहेर घेतल्यावर रिच होतं, पण काहींत तो हवा मोजतो आणि दिशा उलटी असते. गती वाढली तर स्लो स्क्रूने खाली आणा आणि मिश्रण पुन्हा एकदा तपासा. एका वेळी एकच बदल करा आणि तो लिहून ठेवा.

उंच घाटात गेल्यावर गाडी रिच होणं हा कार्बोरेटरचा दोष नव्हे. १५०० मीटरवर हवेची घनता सुमारे १४ टक्के कमी असते आणि जेट मात्र तोच. दोन दिवसांसाठी तिथे जाणार असाल तर काही बदलू नका. कायम तिथेच राहत असाल तर लहान मेन जेट घ्या. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मात्र मिश्रण किंचित लीनच करतं, तेव्हा काळ्या प्लगचं खापर थेट त्याच्यावर फोडता येत नाही. त्याने फुगलेलं रबरी निडल-टोक ही वेगळी गोष्ट.

इंजिन गरम असताना बंद केल्यावरचा त्रास उरला असेल तर मॅनिफोल्ड आणि कार्बोरेटरमधला उष्णतारोधक तुकडा जागेवर आहे का पाहा, आणि पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर घ्या.

दुरुस्ती झाल्यावर ऑइल बदला. रिच चाललेल्या इंजिनाच्या ऑइलमध्ये पेट्रोल उतरलेलं असतं. त्याने बेअरिंग झिजतात, आणि ब्रीदरमधून येणारी त्याची वाफ पुन्हा मिश्रण रिच करते, म्हणजे नीट केलेला कार्बोरेटरही काही काळ दोषी दिसतो. प्लग साफ करून किंवा नवे घालून मिश्र रस्त्यावर शंभर-दोनशे किलोमीटर चालवा आणि पुन्हा क्रमाने काढून बघा. अजूनही सगळे काळेच असतील तर जेट बदलायला धावण्याआधी पंपाचा दाब आणि फ्लोटची पातळी पुन्हा एकदा मोजा.